बॅकअप ९७ टक्के यशस्वी, तरी फाइल परत मिळत नाही: टीमचं टार्गेट दुरुस्त कसं करायचं

लक्षण ओळखीचं आहे. महिनाअखेरीच्या अहवालात बॅकअपचं यश ९७ टक्के. टार्गेट ९५चं, म्हणजे सगळं झकास. मग अकाउंट्समधून फोन येतो: मागच्या आठवड्यातली फाइल उडाली, तेवढी परत द्या. शोधायला गेलं की त्या सर्व्हरची शेवटची धड प्रत तीन आठवड्यांपूर्वीची निघते. कुणाला तरी बोलणी बसतात, एक स्क्रिप्ट दुरुस्त होते आणि दोन महिन्यांनी दुसऱ्याच सर्व्हरवर हाच प्रकार. बिघाड दरवेळी वेगळा असतो, म्हणून दरवेळी तो अपवाद वाटतो. टीम ज्या आकड्यावर नजर ठेवून असते तो आकडा मात्र तोच राहतो. दुरुस्ती तिथूनच सुरू करायची.

टक्केवारी काय लपवते

३० सर्व्हर, रोज रात्री एक जॉब (एका सर्व्हरची प्रत घेण्याचं एक काम), महिन्याच्या ३० रात्री धरल्या तर एकूण ९०० जॉब. त्यातले २७ फसले तर यश ९७ टक्के. हे २७ वेगवेगळ्या सर्व्हरवर एकेक रात्र फसले असतील तर फारसं बिघडत नाही, दुसऱ्या रात्री प्रत तयार होते. पण सगळे २७ एकाच सर्व्हरवरचे असतील तर त्या सर्व्हरला जवळजवळ महिनाभर बॅकअपच नाही. अहवाल दोन्हीकडे तोच.

तुमच्याकडे यातला कोणता प्रकार आहे ते अर्ध्या तासात कळतं. गेल्या ३० दिवसांचा जॉब-लॉग एक्सेलमध्ये उतरवा, सर्व्हरचं नाव आणि तारीख या क्रमाने लावा आणि प्रत्येक सर्व्हरसमोर एकच आकडा लिहा: सलग जास्तीत जास्त किती रात्री प्रत झाली नाही. १ किंवा २ असेल तर चालतं. ४-५ च्या पुढचा आकडा दिसला की पुढचा फोन कुठून येणार ते समजलं.

हे मोजताना काही घोळ हमखास होतात. एकच जॉब दोनदा फसून तिसऱ्यांदा झाला तर तो एक धरायचा की तीन, हे आधी ठरवा. हिशेब ‘एक सर्व्हर, एक रात्र’ असाच ठेवा, प्रयत्न मोजू नका. ‘वॉर्निंगसह पूर्ण’ हा शेरा यशात धरू नका. बहुतेक वेळा त्याचा अर्थ उघड्या असलेल्या फाइली सोडून बाकीच्या घेतल्या असा असतो, आणि ऑफिसात सतत उघडी असलेली फाइल म्हणजे नेमकी कामाची फाइल. आणि सतत फसणारा जॉब कुणी ‘तात्पुरता’ बंद करून ठेवला असेल तर टक्केवारी सुधारते, हेही विसरू नका.

यादीतच नाही ते फसतही नाही

यापेक्षा मोठी गळती भाजकात असते. बॅकअपचं सॉफ्टवेअर फक्त त्याला सांगितलेल्या जॉबची टक्केवारी काढतं. एप्रिलमध्ये व्हेंडरने उभा केलेला नवा व्हर्च्युअल सर्व्हर कुणी जॉबमध्ये घातलाच नसेल तर तो कधीच लाल दिसणार नाही.

‘फार मोठं आहे’ म्हणून वगळलेल्या गोष्टींचंही तसंच. दक्षिण कोरियात देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइली ठेवण्याची ८५८ टेराबाइटची यंत्रणा त्यात गेली आणि तिची बाहेर प्रतच नव्हती. आकार मोठा म्हणून ती ठेवली जात नव्हती. आपल्याकडे याचंच छोटं रूप म्हणजे डिझाइन विभागाचा ६ टेराबाइटचा ड्राइव्ह, ज्याच्यापुढे वर्षानुवर्षं ‘नंतर बघू’ लिहिलेलं असतं.

म्हणून यादी बॅकअपच्या सॉफ्टवेअरमधून काढायचीच नाही. चार वेगळ्या ठिकाणांहून ती जमवा: व्हर्च्युअल मशिन्सची यादी, नेटवर्कने वाटलेल्या आयपी पत्त्यांची यादी, क्लाउडचं मासिक बिल आणि अकाउंट्सकडचं मालमत्ता-रजिस्टर. बिलात पैसे जातात पण बॅकअपच्या यादीत नाव नाही, अशा ओळी बहुधा निघतातच. वगळायचं असेल तर वगळा, पण समोर कारण आणि त्या विभागप्रमुखाचं नाव लिहून. पहिलं टार्गेट इथेच येतं: मालमत्तेच्या यादीतल्या प्रत्येक ओळीसमोर एकतर बॅकअप, नाहीतर सहीनिशी नकार. रिकामा रकाना शून्य.

मोजायचं ते प्रतीचं वय

टक्केवारीऐवजी प्रत्येक यंत्रणेसाठी एकच प्रश्न ठेवा: शेवटची धड प्रत आत्ता किती तास जुनी आहे, आणि किती जुनी चालेल?

‘किती जुनी चालेल’ याला कागदोपत्री आरपीओ म्हणतात, आणि ‘किती वेळात परत उभं राहायला हवं’ याला आरटीओ. (दुसरा शब्द बैठकीत वापरताना एकदा समजावून सांगा, आपल्याकडे आरटीओ म्हटलं की लोकांना लायसन्स आठवतं.) विभागांना ‘तुमचा डेटा किती महत्त्वाचा?’ असं विचारू नका, सगळे ‘अत्यंत’ म्हणतात. असं विचारा: कालचं दिवसभराचं काम गेलं तर ते पुन्हा भरायला किती माणसं किती तास बसतील, आणि भरायला कागद तरी आहे का? स्टोअरमध्ये चलनं फाइलला लावलेली असतात, तिथे एक दिवस भरून निघतो. ऑनलाइन ऑर्डरला कागदच नसतो, तिथे एक तासही जड जातो.

काही ठिकाणी मर्यादा कायद्यानेच ठरते. ५ ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवावा लागतो. त्याआधी नियमात ‘ठरावीक काळाने’ असं होतं. त्यामुळे हिशेब टॅलीत किंवा ईआरपीत (कंपनीचे सगळे व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर) असेल तिथे ‘आठवड्यातून एकदा’ हा पर्यायच नाही.

मर्यादा लिहिताना नेहमी होणारी चूक म्हणजे रोजच्या बॅकअपला नेमके २४ तास लिहिणं. जॉब रात्री ११ ला सुरू होऊन एका दिवशी ४० मिनिटं घेतो, दुसऱ्या दिवशी ७०. मर्यादा २४ असेल तर अशा प्रत्येक लांबलेल्या रात्री अर्धा तास लाल दिवा लागेल आणि आठवड्याभरात त्याकडे बघणं बंद होईल. हिशेब असा करा: दोन जॉबमधलं अंतर, अधिक सर्वांत लांबलेल्या जॉबचा वेळ, अधिक थोडी सूट. रोजच्या जॉबला २६ तास बरे पडतात. उलट चूकही दिसते: बॅकअप रात्री एकदाच आणि टार्गेटमध्ये ‘४ तास’. दुपारी चारला डिस्क गेली तर सकाळपासूनचं काम गेलंच. ४ तास हवे असतील तर जॉब तासा-दोन तासांनी लागेल, किंवा डेटाबेसच्या लॉगचा (बदलांच्या नोंदींचा) बॅकअप १५ मिनिटांनी.

आता टीमचं टार्गेट दोन आकड्यांत मांडता येतं. पहिला ‘लाल दिवस’: महिन्यात एकूण किती वेळा एखाद्या यंत्रणेची प्रत मर्यादेपेक्षा जुनी झाली. दुसरा ‘सर्वांत लांब लाल रांग’: एकच यंत्रणा सलग किती दिवस लाल राहिली. पहिला आकडा एकटा पुरत नाही. वरच्या उदाहरणात तो दोन्ही बाजूंना २७ च येईल. रांग मात्र एकीकडे १ आणि दुसरीकडे २७ दाखवते. म्हणून रांगेची मर्यादा कडक ठेवा, २ दिवस. आणि लाल दिवसांची हळूहळू उतरवा. पहिला महिना नुसतं मोजा. ६० निघाले तर पुढच्या महिन्याला ३०, मग १५. पहिल्याच महिन्यात शून्य लिहिलं की लोक रकान्याचा रंग बदलायला शिकतात.

‘धड प्रत’ कशाला म्हणायचं

इथेच सगळ्यात जास्त फसगत होते, कारण जॉब हिरवा असूनही प्रत निकामी असू शकते.

लिनक्सवर मायएसक्यूएल डेटाबेसचा डंप (सगळ्या डेटाची एक मजकूर-फाइल) काढून तो थेट जीझिपला (फाइल दाबून लहान करणारा प्रोग्रॅम) देणारी एका ओळीची स्क्रिप्ट घरोघरी आहे. पासवर्ड बदलला किंवा डेटाबेसचं कनेक्शन तुटलं की डंप पडतो, पण शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) शेवटच्या आज्ञेचा निकाल बघतं. जीझिपने मिळालं तेवढं नीट बांधलेलं असतं, म्हणून निकाल ‘यशस्वी’. डंपमधून काहीच आलं नाही तर २० बाइटची फाइल तयार होते, रोज, तारीखवार. उपाय: स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘पाइपफेल’ चालू करा (म्हणजे ओळीतली कोणतीही आज्ञा फसली तरी निकाल ‘फसला’ येतो), आणि फाइल उघडून शेवटची ओळ ‘डंप कम्प्लीटेड’ अशी आहे का ते तपासा. ती नसेल तर प्रत बाद. शिवाय डेटाबेसमध्ये साठवलेले रूटीन (छोटे प्रोग्रॅम) आणि इव्हेंट (ठरल्या वेळी चालणारी कामं) हे डंपमध्ये आपोआप येत नाहीत, ते पर्याय मुद्दाम द्यावे लागतात. हे बहुतेकांना रिस्टोअरच्या, म्हणजे डेटा परत मिळवायच्या, दिवशी कळतं.

विंडोजवर रोबोकॉपी या फाइली कॉपी करणाऱ्या आज्ञेची गंमत उलटी. तिथे निकाल ० म्हणजे कॉपी करायला काही नव्हतं, १ म्हणजे फाइली नीट गेल्या, ८ आणि त्यापुढे म्हणजे काहीतरी राहिलं. टास्क शेड्यूलरमध्ये १ दिसला की नवखा माणूस घाबरतो. मग कुणीतरी सांगतं की ‘ते असंच येतं, सोड’. आणि पुढे ९ आला तरी सोडला जातो. नियम लिहून ठेवा: ७ पर्यंत हिरवा, ८ पासून लाल. ‘मिरर’ पर्याय वापरत असाल तर आणखी जपा. मूळ फोल्डर चुकून रिकामं झालं तर मिरर बॅकअपही तितक्याच इमानदारीने रिकामं करतो, आणि निकाल येतो २, म्हणजे हिरवा. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या सिंकला बॅकअप म्हणू नये ते याच कारणासाठी.

एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर आठवड्याला पूर्ण आणि रोज डिफरन्शिअल (शेवटच्या पूर्ण बॅकअपनंतर बदललेलं तेवढंच) अशी पद्धत असेल तर व्हेंडरवर लक्ष ठेवा. त्याने बुधवारी चाचणीसाठी हाताने पूर्ण बॅकअप घेतला, ‘कॉपी-ओन्ली’ (रोजच्या साखळीला धक्का न लावणारी सुटी प्रत) निवडलं नाही आणि फाइल पेनड्राइव्हवर घेऊन गेला, तर त्या रात्रीपासूनचे सगळे डिफरन्शिअल त्या फाइलवर अवलंबून राहतात. तुमच्याकडे सगळे जॉब हिरवे. रिस्टोअरला लागणारा पाया त्याच्या खिशात.

क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, चालतात. क्रॉनमध्ये (लिनक्सचं कामांचं वेळापत्रक) रात्रीचे २ लिहिले तर जॉब आपल्या सकाळी ७.३० ला सुरू होतो आणि ऑफिस भरताना सर्व्हर संथ होतो. मग वैतागून कुणीतरी जॉबच बंद करतं. आपले रात्रीचे २ हवे असतील तर आदल्या दिवशीचे २०.३० लिहा.

या सगळ्याला एक स्वस्त चाळणी आहे: आकार. आजच्या प्रतीचा आकार मागच्या ७ प्रतींच्या सरासरीशी ताडून बघा. ३० टक्क्यांहून जास्त घटला तर लाल. वाढीच्या बाजूला इन्क्रिमेंटल (फक्त नवे बदल घेणारी प्रत) एकदम पाच-दहा पट झाली तर एकतर कुणी लग्नाचे व्हिडिओ शेअर ड्राइव्हवर टाकलेत, किंवा रॅन्समवेअरने फाइली बदलायला सुरुवात केली आहे. दोन्ही त्याच दिवशी बघायच्या गोष्टी.

तक्रार नको, हजेरी हवी

‘जॉब फसला तर मेल येतो’ या व्यवस्थेवर टार्गेट उभं करू नका. गिटलॅब या प्रोग्रॅमचा कोड सांभाळणाऱ्या ऑनलाइन सेवेत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याकडून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली. मग कळलं की त्या पोस्टग्रेस डेटाबेसचा रोजचा डंप होतच नव्हता, कारण डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि डंप काढणारा प्रोग्रॅम ९.२ चा चालत होता. फसल्याचे मेल निघत होते, पण मेल-पडताळणीच्या नियमात न बसल्याने ते नाकारले जात होते. योगायोगाने सहा तासांपूर्वी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) होता, त्यावर निभावलं. मधल्या सहा तासांचा डेटा गेला. ही हकिकत त्यांनी स्वतःच तपशिलाने जाहीर केली.

म्हणून उलटं करा. यशस्वी झालेल्या जॉबने तारीख, वेळ आणि आकार अशी एक ओळ एका ठिकाणी लिहायची. सकाळी ९ वाजता यादीशी ताळा: ज्याची ओळ नाही तो गैरहजर, आणि गैरहजर म्हणजे लाल. सर्व्हर बंद असो, वीज गेलेली असो, मेल अडकलेला असो, कारण काहीही चालेल. गप्प राहून कुणी पास होता कामा नये. भोसरी-चाकणच्या बाजूला देखभालीसाठी वीज बंद ठेवायची असली की ती बहुधा गुरुवारी. तिथे बुधवारी रात्री लांबलेला जॉब यूपीएससकट झोपतो, आणि हजेरी असेल तरच ते गुरुवारी कळतं.

रिस्टोअर: महिन्याला किती, कुणी, कसं

परत मिळवून बघितलं नाही तोवर प्रत धड आहे हे अनुमानच असतं. ३० यंत्रणा आणि ४ जणांची टीम असेल तर आठवड्याला २ चाचण्या झेपतात, महिन्याला ८. म्हणजे चार महिन्यांत सगळ्यांची पाळी. पैसा किंवा उत्पादन ज्यावर चालतं त्या ४-५ यंत्रणा दर तिमाहीला याव्यात म्हणून त्यांच्या चिठ्ठ्या दुप्पट घाला. हो, चिठ्ठ्याच, निवड करायची मुभा दिली की लहान आणि सोपा सर्व्हरच निवडला जातो. बॅकअप सांभाळणाऱ्यानेच चाचणी घेऊ नये, शेजाऱ्याने घ्यावी, आणि त्याच्याकडे लिहिलेल्या पायऱ्या सोडून काही नसावं. अडला तर पायऱ्या अपुऱ्या आहेत.

फाइल सर्व्हरसाठी तीन फाइली मागा: कालची एक, तीन महिन्यांपूर्वीची एक आणि नाव देवनागरीत असलेली एक. तिसरीत बरंच काही बाहेर येतं. जुन्या झिप प्रोग्रॅममधून गेलेली ‘ठराव_मार्च’ अशी फाइल प्रश्नचिन्हांच्या नावाने परत येते, किंवा खोल फोल्डरमध्ये विंडोजची फाइलच्या पूर्ण पत्त्याची २६० अक्षरांची मर्यादा ओलांडल्यामुळे वगळलेली असते. बिगर-युनिकोड फाँटमधली जुनी पत्रं नव्या मशिनवर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. म्हणजे फाँटही बॅकअपमध्ये हवेत. डेटाबेसची चाचणी वेगळ्या सर्व्हरवर करा आणि निकाल आयटीने देऊ नये. अकाउंट्समधल्या माणसाला बसवा, कालचं शेवटचं व्हाउचर दिसतं का आणि ताळेबंद जुळतो का ते त्याने सांगावं.

वेळ घड्याळ लावून मोजा. इथे बऱ्याच टार्गेटचा फुगा फुटतो. १०० एमबीपीएसची लाइन म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट. १ टेराबाइट क्लाउडवरून उतरवायला, लाइन पूर्ण मिळाली तरी, २२ तासांच्या वर लागतात. ८० टक्के वेग धरला तर जवळजवळ २८. ‘८ तासांत परत उभं’ असं लिहिलेलं असेल तर त्या लाइनवरून जेमतेम २९० गीगाबाइट येतील. तेच ऑफिसातल्या नॅसवरून (नेटवर्कला जोडलेली साठवणपेटी) गीगाबिट नेटवर्कने, सेकंदाला १०० मेगाबाइट धरले तर, पावणेतीन तासांचं काम. लहान लहान लाखो फाइली असतील तर त्याहून बरंच जास्त. म्हणून एक प्रत जवळ, वेगासाठी. एक लांब, आगीसाठी. आणि एक अशी, जी डोमेनच्या (ऑफिसच्या सगळ्या मशिन्सच्या) ॲडमिन पासवर्डने पुसता येत नाही. शेवटची नुसती आहे का एवढं विचारू नका, तिच्यावर शेवटचं कधी लिहिलं गेलं तेही विचारा.

शीट आणि सोमवारची १५ मिनिटं

महागडा डॅशबोर्ड लागत नाही. एका शीटवर यंत्रणेचं नाव, चालेल ते वय, आत्ताचं वय, आकार, शेवटची रिस्टोअर चाचणी आणि तिला लागलेला वेळ, जबाबदार माणूस, त्याच्या सुट्टीतला बदली माणूस. एवढे रकाने पुरतात. जबाबदार माणसाच्या रकान्यात ‘आयटी’ लिहिलेलं चालणार नाही, एकच नाव हवं. बदलीचा रकाना शोभेचा नाही. बाहेर नेण्याच्या डिस्क आळीपाळीने बदलायच्या असतील आणि ते काम करणारा गणपतीला गावी गेला असेल, तर तीच डिस्क आठ दिवस सर्व्हरला लटकलेली राहते, आणि बाहेरची प्रत आठ दिवस जुनी.

सोमवारी फक्त लाल ओळी वाचा. प्रत्येकीला तीन उत्तरं: कारण काय, आज काय करणार, कधी हिरवी होणार. हिरव्या ओळींवर बोलायचं नाही. तिसऱ्या दिवशीही लाल असेल तर त्या विभागप्रमुखाला लेखी कळवा: तुमचा अमुक तारखेनंतरचा डेटा सध्या परत मिळणार नाही. या एका वाक्याने नव्या डिस्कची मंजुरी जेवढी लवकर येते तेवढी टक्केवारीच्या तक्त्याने येत नाही. लाल दिवस कुणाच्या वार्षिक मूल्यमापनाला मात्र जोडू नका. जोडलेत की पुढच्या महिन्यापासून तुम्हाला लाल काही दिसणारच नाही.

एक गोष्ट वरिष्ठांना आधीच सांगून ठेवा. मोजण्याची पद्धत बदलली की पहिल्या अहवालात आकडे वाईट दिसतील: ९७ टक्क्यांच्या जागी ‘लाल दिवस ६०, सर्वांत लांब रांग १९, नोंद नसलेल्या यंत्रणा ५’ असं काहीतरी. एक तिमाही जुनी टक्केवारी शेजारच्या रकान्यात चालू ठेवा, म्हणजे ती ९७ वरच असताना रांग १९ वरून २ वर आलेली त्यांना दिसेल. चौथ्या महिन्यात तो रकाना काढून टाका.